गंगेची चौतीस चित्रं आणि माझं पहिलं प्रदर्शन

३१ मे २०२४ ला शाळेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. छत्तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. त्या सगळ्यातून वेळ काढून स्वतःसाठी जे रंगवलं, ते त्या ट्रंकेत आणि पलंगाखालच्या दोन पोर्टफोलिओंत पडून होतं. मोजली तर ४१२ चित्रं निघाली, आणि त्यातली साडेतीनशेच्या वर पाण्याची. एकदा तरी प्रदर्शन भरवायचं हे मनात कितीतरी वर्षं होतं, पण सुरुवात कुठून करायची, कोणाला भेटायचं, खर्च किती येतो हे सांगणारं कोणी भेटलं नाही. २०२५ च्या जानेवारीत ते पार पडलं. माझ्यासारखी अनेकांची चित्रं माळ्यावर असतील, म्हणून जे जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

आधी पाण्याबद्दल थोडं सांगते.

माझं माहेर नाशिकच्या पंचवटीतलं. आमच्याकडे गोदावरी म्हणायची पद्धत नाही, गंगाच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येते’, ‘गंगेला पाणी आलंय’. १९६९ चा महापूर आला तेव्हा मी तीन वर्षांची होते, त्यामुळे मला तो आठवत नाही. पण आईने इतक्यांदा सांगितलाय की डोळ्यांसमोर उभा राहतो. पूर केवढा हे नाशिककर आजही पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ठरवतात. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. माझे वडील पावसाळ्यात दूध आणायला निघाले की आधी मारुती बघून यायचे आणि घरात शिरताना सांगायचे, ‘आज कमरेला’. मी त्यांच्याबरोबर जायची. मी काढलेलं पहिलं चित्र म्हणजे पाटीवर तो मारुती आणि त्याच्याभोवती पेन्सिलीच्या आडव्या रेघा. रेघा म्हणजे पाणी. तेव्हापासून त्या रेघा काही सुटल्या नाहीत.

एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना आमच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की चिनी भाषेत निसर्गचित्राला ‘शानशुइ’ म्हणतात, म्हणजे डोंगर-पाणी. मला तो शब्द फार आवडला. आपल्याकडेही ब्रह्मगिरी आहे आणि गंगा आहे, आणखी काय हवं असतं चित्राला? त्याच सरांनी कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांची कोटितीर्थाची चित्रं छापील पुस्तकात दाखवली होती. एकाच तळ्याकडे माणूस पुन्हा पुन्हा जातो आणि दर वेळी ते वेगळं दिसतं, हे मला त्या चित्रांतून कळलं. आणि नाशिकच्या घाटाचं निसर्गचित्र म्हटलं की शिवाजी तुपे यांचं नाव आमच्या पिढीला टाळता येत नाही. त्यांची घाटावरची चित्रं पाहिली तेव्हा, आपण रोज ज्या पायऱ्या उतरतो त्याही चित्रात येण्याजोग्या आहेत, असा धीर आला.

मी रंगवते जलरंगात. जलरंगातलं पाणी पुष्कळसं न रंगवून येतं. चमक हवी तिथे कागद कोरा सोडायचा, एकदा रंग गेला की ती परत मिळत नाही. देवळाची काळी भिंत पाण्यात किंचित उजळ दिसते आणि पांढरं धोतर किंचित मळकट. हे शिकायला मला दहा वर्षं लागली. पुराचं पाणी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचं. हिवाळ्यातल्या पहाटेचं अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून येणाऱ्या करड्या रंगाचं, कागद आधी पूर्ण ओला करून. एप्रिल-मेमध्ये पाणवेली पसरली की हिरवा इतका लागतो की ट्यूब पुरत नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं मी ज्या पाण्याचं चित्र, तेच पाणी बाटलीत भरून त्यात ब्रश बुडवायची. पुढे त्या पाण्याला वास यायला लागला, कागदावर चिकट साय राहायला लागली. २००३ च्या कुंभानंतर केव्हातरी मी घरून पाणी नेऊ लागले. कधीपासून ते नेमकं आठवत नव्हतं, पण ट्रंक उघडल्यावर सापडलं. ते पुढे येईल.

ट्रंक

जूनचा पहिला पंधरवडा नुसती चित्रं बाहेर काढण्यात गेला. पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम उरका असं मी प्रत्येकाला सांगेन. तळाची साठ-सत्तर चित्रं भुरकट ठिपक्यांनी भरली होती. कागदाला दमट हवा लागली की असं होतं. मी ती गच्चीच्या जिन्यात, सावलीत, वारा खेळेल अशी दोऱ्यांवर टांगली आणि कोरडी झाल्यावर मऊ ब्रशने हलके झटकली. नाकाला रुमाल बांधून हे करा आणि घराबाहेर करा. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, रंगच उठतो. ठिपके गेले नाहीत, पण वाढायचे थांबले. आता ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि दर दोन महिन्यांनी त्या बदलते.

दोन चित्रं मी १९९६ मध्ये हौसेने लॅमिनेट करून घेतली होती. आत ओल राहून ती पिवळी पडली आहेत, फुगे आले आहेत, आणि आता त्याला उपाय नाही. कृपा करून जलरंगाचं चित्र लॅमिनेट करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

सगळ्यात वाईट वाटलं ते सोमेश्वरच्या संध्याकाळचं. १९९४ चं चित्र, धबधब्याच्या वरच्या अंगाला बसून काढलेलं. ते बैठकीच्या खोलीत खिडकीसमोर वीस वर्षं लावलेलं होतं. आकाशातला सगळा लाल उडून गेला होता. अलिझरिन क्रिमझन हा रंग उजेडात टिकत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता ट्यूब घेताना तिच्यावरची टिकाऊपणाची खूण आधी वाचते. ते चित्र मी प्रदर्शनात ठेवलं नाही, पण टाकलंही नाही.

आणि चित्रांच्या मागच्या बाजू. मला सवय आहे: चित्र संपलं की पेन्सिलीने मागे तारीख, वेळ, जागा आणि दोन-चार शब्द लिहायचे. ‘पाणी दोन पायऱ्या खाली.’ ‘बुधवारचा बाजार, उठायला लावलं.’ ‘आज बाटलीतल्या पाण्याला वास, नळाचं आणलं’, हे १७ ऑक्टोबर २००४ च्या चित्रामागे. ही सवय कशासाठी लावून घेतली ते सांगता येणार नाही, पण त्या पंधरा दिवसांत मी चित्रं कमी पाहिली आणि मागचं जास्त वाचलं. १९९१ च्या उन्हाळ्यातल्या चित्रांत कुंडांच्या कडा दिसतात, तळ दिसतो, वाळू दिसते. २००३ च्या कुंभाच्या तयारीत पात्रातल्या जुन्या कुंडांवर काँक्रीट पडलं. नंतर काही ठिकाणी ते काढायचं कामही झालं. मी काही ठरवून त्याची नोंद ठेवत नव्हते. मी तिथे बसायची, एवढंच. पण एकेक वर्ष जमिनीवर मांडल्यावर पाण्याचं काय काय झालं ते दिसायला लागलं, आणि प्रदर्शन कशाचं करायचं ते त्या दिवशी ठरलं. फक्त गंगा. त्र्यंबकपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत, दुसरं काही नाही.

भाचा कॅमेरा घेऊन आला तेव्हा मी त्याला दोन्ही बाजूंचे फोटो काढायला लावले. ‘मावशी, मागचा कशाला?’ म्हणून तो कुरकुरला. तरी काढले. मित्राकडून त्याने दिवे भाड्याने आणले होते, ते आणि हार्ड डिस्क धरून ५,००० रुपये गेले. हे पैसे वसूल झाले. कसे ते सांगते.

अर्ज

गंगापूर रोडवरच्या एका कलादालनाचा अर्ज मी २४ जूनला भरला. एक पानी अर्ज, कलापरिचय, सहा चित्रांचे रंगीत प्रिंट, आधारची प्रत, आणि कोणत्या महिन्यात हवं त्याचे तीन पर्याय. कलापरिचय लिहायला आठ दिवस लागले. माझ्या नावावर एकल प्रदर्शन एकही नाही, राज्य कला प्रदर्शनात चित्र पाठवायचं धाडस कधी केलं नाही. शेवटी जे खरं ते लिहिलं: किती वर्षं शिकवलं, कुठे बसून चित्रं काढते, किती काढली. ज्यांच्याकडे मोठी यादी नाही त्यांनी घाबरू नये, तेवढं चाललं.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मी घेतला होता म्हणून वाचले. २२ जुलैला विचारायला गेले तेव्हा निवड समितीची बैठक झालेली नव्हती. २० ऑगस्टला गेले तर अर्जच सापडेना. टेबलावरची बाई ‘तुम्ही दिला होता ना नक्की?’ असं विचारत होती. मी पोच दाखवली, आवक रजिस्टर उघडलं गेलं, तिसऱ्या कपाटात फाइल मिळाली. त्या दिवशी बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा मला रडू आलं. अट्ठावन्न वर्षांच्या बाईने एका फाइलसाठी रडावं का, असं कोणी म्हणेल. पण कोणाकडे काही मागायची सवयच नव्हती मला, आणि प्रत्येक फेरीला वाटायचं की ह्या चित्रांना कोणी बोलावलेलं नाही.

तेव्हा गंगापूर धरणातून पाणी सोडायचे दिवस होते. घरी न जाता थेट गंगेवर गेले. मारुतीभोवती तपकिरी पाणी फिरत होतं आणि पुलावर नेहमीसारखी बघ्यांची गर्दी होती. कठड्याला टेकून छोट्या वहीत दोन रेखाटनं केली. त्यातलं एक पुढे मोठं केलं आणि प्रदर्शनात शेवटचं चित्र म्हणून लागलं.

गणपतीत, १२ सप्टेंबरला, फोन आला. १०, ११ आणि १२ जानेवारी २०२५, शुक्रवार ते रविवार. रोजचे ४,५०० प्रमाणे १३,५०० भाडं आणि ५,००० अनामत, दोन्हींचे वेगवेगळे डिमांड ड्राफ्ट पंधरा दिवसांत. शिवाय नुकसानभरपाईचं हमीपत्र मुद्रांकावर. मला शंभराचा मुद्रांक लागेल असं सांगितलं होतं. मी आळस केला आणि ऑक्टोबरच्या शेवटी गेले, तोवर राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा झाला होता. टायपिंग-नोटरी धरून ७५० रुपये.

चौतीस

दालनात किती चित्रं मावतात हे आधी मोजून या, मगच निवडा. मी टेप घेऊन गेले. भिंतीची लांबी, दिव्यांच्या जागा, खिळे चालतात की वरच्या पट्टीवरून दोरीने टांगायचं, सगळं लिहून आणलं. दोन चित्रांत निदान हातभर अंतर हवं. त्या हिशेबाने चौतीस बसत होती: सव्वीस अर्ध्या इम्पीरियलची, म्हणजे पंधरा बाय बावीस इंच, आणि आठ त्याहून लहान.

४१२ मधून चौतीस काढताना महिनाभर झोप नीट लागली नाही. एका मोठ्या चित्रकार मैत्रिणीला बोलावलं. तिने तासाभरात माझी आवडती नऊ चित्रं बाजूला केली. ‘ही तुला त्या दिवसासाठी आवडतात, चित्र म्हणून नाही,’ म्हणाली. खूप लागलं, पण तिचं खरं होतं. एक नांदूरमध्यमेश्वरचं होतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, निफाड तालुक्यात. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं ते. त्याच्या कितीतरी आधी एका जानेवारीत आम्ही दोघं तिथे गेलो होतो, हे दुर्बीण घेऊन आणि मी कागद घेऊन. धुक्यातून रोहित पक्षी उठले आणि मी घाईने गुलाबी रंग पाण्यातच ओतला. त्या दिवसाइतकी सुखी मी क्वचित होते. चित्र मात्र नुसतं गुलाबी डाग झालंय. तिचं ऐकलं आणि ते परत ट्रंकेत ठेवलं.

मांडणीचा प्रश्न त्यानंतर. वर्षाप्रमाणे लावली तर माझ्या हाताची प्रगती दिसत होती, आणि मला ती दाखवायची नव्हती. शेवटी महिन्यांप्रमाणे लावली. चैत्रातल्या तळाला गेलेल्या पाण्यापासून निघायचं, ज्येष्ठात त्र्यंबकचा पहिला पाऊस, श्रावणात घाट बुडालेला, मग कार्तिकातले दिवे, पौषाचं धुकं, आणि फाल्गुनात पुन्हा खाली. त्यामुळे १९९१ चा मे आणि २०१९ चा मे शेजारी आले. पुराचं चित्र तेवढं ह्या क्रमातून बाहेर काढून दाराजवळ ठेवलं.

फ्रेम

खर्चाचा मोठा भाग इथेच जातो. ६ नोव्हेंबरला, दिवाळी झाल्यावर, एका फ्रेमवाल्याकडे चौतीस चित्रं दिली. मोठीला १,५०० आणि लहानीला ९०० असा भाव ठरला, मिळून ४६,२००. आम्लरहित माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, पांढरा, तीन इंच पट्टी, साधी लाकडी फ्रेम, पुढे काच. जलरंगाचं चित्र काचेला टेकता कामा नये, मधली फट माउंटमुळे मिळते. काच टेकली की पावसाळ्यात घाम धरतो आणि रंग काचेला चिकटतो.

महिन्याचा वायदा होता, दीड महिना लागला. २१ डिसेंबरला आणायला गेले आणि पाहते तर सहा चित्रं मागून पूर्ण गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवलेली. चित्र फक्त वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांनी माउंटला लावा, म्हणजे ते मोकळं लटकतं आणि कधीही काढता येतं, असं मी तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. कारागिराला वाटलं की कागद सुरकुतू नये. त्या सहांच्या मागचं सगळं लिखाण गोंदाखाली गेलं. मालकाने पैसे कमी करायची तयारी दाखवली. मी म्हटलं, पैसे नकोत, उरलेली अजून बंद केली नसतील तेवढी माझ्यासमोर करा. दोन दुपारी दुकानात स्टुलावर बसून बाकीची लावून घेतली. तर हे असं: फ्रेमवाल्याला सगळं कागदावर लिहून द्या आणि आधी एकच चित्र करून दाखवायला सांगा.

घरी येऊन भाच्याने काढलेले मागच्या बाजूंचे फोटो उघडले. सहाही सापडले. त्याला फोन करून तेवढंच सांगितलं.

किमती, पावत्या, बाकीचं

किमती ठरवताना मी दोनदा यादी फाडली. मैत्रिणीने सांगितलेली रीत सोपी होती: एका आकाराला एक किंमत, आपला जीव कोणत्या चित्रात अडकलाय ते गिऱ्हाइकाला कळता कामा नये. मोठं १२,०००, लहान ४,५००. ज्यांत जीव फारच अडकलाय अशी दोन ‘विक्रीसाठी नाही’ लिहून वेगळी काढली. जीएसटीबद्दल ओळखीच्या सीएला विचारलं. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, तेव्हा साधी पावती पुरली. पावतीवर एक ओळ आवर्जून छापून घ्या: चित्राच्या पुनर्मुद्रणाचा हक्क चित्रकाराकडे राहील. कायद्याने तो तसाही आपल्याकडेच असतो, लेखी दिल्याशिवाय जात नाही. आणि आपल्यानंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. पण घेणाऱ्याला तो वाचायला मिळालेला बरा.

निमंत्रण आणि माहितीपत्रकाला ८,४०० गेले, फ्लेक्सला १,२००, चित्रांखालच्या चिठ्ठ्यांना ६५०. टेम्पो दोन्ही वेळचा ३,०००. फ्रेमा आडव्या रचू नका. काच काचेकडे आणि पाठ पाठीकडे करून उभ्या ठेवा, मध्ये जुन्या चादरी. आमची एकही काच फुटली नाही.

९ जानेवारीला दुपारी तीनला दालन ताब्यात मिळालं आणि रात्री नऊला शेवटचं चित्र लागलं. माझे दोन माजी विद्यार्थी, भाचा आणि हे, असे पाच जण होतो. सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून एकाच उंचीवर धरला, साधारण माझ्या डोळ्यांच्या रेषेत. समोरच्या दिव्यांची तिरीप काचेवर येत होती. दिवे हलवायची परवानगी नव्हती, म्हणून फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांत मागून रबराची जाड चकती चिकटवली. फ्रेम किंचित झुकली आणि तिरीप गेली.

तीन दिवस

उद्घाटन आईने केलं. ती तेव्हा ८४ वर्षांची होती, व्हीलचेअरवर आली. फीत-बीत ठेवली नव्हती. तिने पुराच्या चित्राजवळ खुर्ची थांबवायला सांगितली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘कुठवर गं पाणी?’ मी म्हटलं, ‘गुडघ्याला.’ ‘मग काही नाही,’ म्हणाली. चहा-पेढ्यांचे ३,६०० झाले.

शुक्रवारी दुपारी दोन तास कोणीच आलं नाही. हे होतं, त्याची तयारी ठेवा. मी खुर्चीत बसून स्वतःचीच चित्रं पाहत राहिले आणि मला त्यात चुका दिसायला लागल्या. जवळ वही असू द्या, काहीतरी रेखाटत बसा. शनिवार-रविवारी गर्दी झाली. अभिप्रायवहीत लोक काय लिहितात यापेक्षा ते चित्रापुढे उभे राहून काय बोलतात ते ऐका. ‘हा भेळभत्त्याचा ठेला बघ’, ‘अगं, इथे आपण धुणं धुवायचो’. बहुतेक जण चित्र बघत नव्हते, जागा ओळखत होते. पहिल्या दिवशी मला त्याचं थोडं वाईट वाटलं. रविवारपर्यंत वाईट वाटायचं थांबलं.

सात चित्रं गेली, चार मोठी आणि तीन लहान, एकूण ६१,५००. खर्च अनामत सोडून ८२,३०० झाला होता. म्हणजे २०,८०० पदरचे गेले. फ्रेमा उरल्यात, त्या पुढे वापरता येतील. पहिल्या प्रदर्शनाला एवढं बाजूला ठेवता येत असेल तरच उतरा, विक्रीच्या भरवशावर कर्ज काढू नका.

रविवारी संध्याकाळी, बंद करायला अर्धा तास असताना, एक काका आले. सत्तरीचे असतील, पायजमा आणि स्वेटर. मे १९९१ च्या एका चित्रासमोर थांबले ते हलेनात. उतरत्या पायऱ्या, खाली चौकोनी कुंड, कोपऱ्यात दगडात बसवलेली लोखंडी कडी. खालची चिठ्ठी त्यांनी वाचली: ‘खंडोबा कुंड’. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, हे खंडोबा कुंड नाही. हे पेशवे कुंड. ह्या कडीला दोर बांधून मी पोहायला शिकलोय.’

मी म्हटलं, मागे लिहिलंय तसंच चिठ्ठीवर घेतलं. ते म्हणाले, ‘मग मागचं दाखवा.’ ते गोंदाखाली गेलेल्या सहांपैकी एक होतं. मी भाच्याने काढलेला मागचा फोटो फोनवर उघडून दिला. त्यांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं: ‘११ मे ९१. सकाळी ६.४०. खंडोबा कुंड, असं भेळवाला म्हणाला. पाणी दोन पायऱ्या खाली. तळाची वाळू दिसते. डावीकडे मारुतीची पाठ.’ ‘भेळवाला म्हणाला,’ ते पुन्हा म्हणाले. ‘त्याला काय माहीत. आपण जाऊन बघू.’

अनामत मिळायला ३ फेब्रुवारी उजाडला, तोही दोन फेऱ्यांनंतर. भिंतीवरच्या एका खरचटल्याचे ४०० कापून ४,६०० चा चेक मिळाला. दालन ताब्यात घेतानाच भिंतींचे फोटो काढून ठेवा, मी काढले नव्हते.

त्याच आठवड्यात एका सकाळी काकांना घाटावर भेटले. चित्राचा प्रिंट सोबत नेला होता. त्यांनी रीत सांगितली: चित्रात देवळाचा कळस मारुतीच्या खांद्याला जिथे लागलाय, तिथे तो लागेपर्यंत आपण सरकायचं. मी प्रिंट डोळ्यांसमोर धरून मागे सरकत गेले आणि ते मला सांगत राहिले, ‘अजून... अजून... डावीकडे... थांबा.’ कळस खांद्याला लागला. पायाखाली काँक्रीट होतं, थोडं पाणी त्यावरून वाहत होतं, आणि कोणाच्या तरी ओल्या चपलांचे ठसे. काकांनी टाचेने ठोकून पाहिलं. ‘इथेच,’ म्हणाले. ‘पेशवे.’

मी प्रिंट उलटा केला. मागे पेन्सिलीने ‘खंडोबा नव्हे, पेशवे’ लिहिलं, आणि कोणी सांगितलं तेही. मग पायरीवर बसले. काका जरा अंतरावर उभे राहिले, कागद ओला करताना बघत. सात वाजून गेले होते, धुकं अजून उठलं नव्हतं, पाणी एक पायरी खाली होतं.